पुन्हा पेटीकडे : जमान, मकान, इखवान

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आमचे जुने औरंगाबाद. या शहराच्या जुन्या मोहल्ल्यांत आमची पिढी वाढली तेव्हा अनेक घरांत एक पेटी असे. लग्नाच्या आदल्या रात्री, उरुसाच्या दिवसांत किंवा एखाद्या जुमेरातीला ती खोलीच्या मधोमध येई. अब्बा नाहीतर मामू वाजवायला बसत आणि आम्ही मुले भाता मारण्यासाठी भांडत असू. पुढे पंधरा-सोळा वर्षांचे होता होता ती सुटली. कुणाची दहावी आली, कुणाला दुकानावर बसावे लागले, कुणाला घरातल्या बुजुर्गांनी सांगितले की हे आपल्याला शोभत नाही. भांडण झाले नाही, बंदीही आली नाही. पेटी माळ्यावर गेली, एवढेच.

आमचीही तशीच गेली होती. पस्तीस वर्षांनी आम्ही ती खाली उतरवली तेव्हा भात्याच्या घड्या उकलल्या होत्या, काही स्वर मुके झाले होते आणि एक स्वर दाबला की वरच येत नव्हता. दुरुस्ती करून आणली, पण खरी अडचण पुढे होती. कानाला सारे आठवत होते, बोटांना मात्र निम्मेच. सा-रे-ग, रे-ग-म हा लहानपणीचा पलटा उजव्या हाताने आपोआप सुरू केला आणि चढत जाताना अंगठा खालून न्यायचा तिथेच अडखळला. लहान मुलाला आपले चुकते हे कळत नाही, म्हणून ते बिनधास्त वाजवते. पन्नाशीच्या माणसाला प्रत्येक चूक ऐकू येते आणि तो पेटी बंद करतो.

शिवाय लोक दोन प्रश्न विचारतात. या वयात कशाला? आणि, हे आपल्यात चालते का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्याचे त्याने द्यावे. दुसऱ्याचे उत्तर शोधायला मात्र दूर जावे लागत नाही. शहरापासून पंचवीस किलोमीटरवर खुलताबाद आहे.

मुहम्मद बिन तुघलकाने चौदाव्या शतकात दिल्लीची मातबर मंडळी दौलताबादला हलवली. त्या काळात जे सुफी दख्खनमध्ये आले त्यांत हजरत निजामुद्दीन औलियांचे मुरीद बुऱ्हानुद्दीन गरीब होते. त्यांचा इंतकाल १३३७ साली झाला. समा, म्हणजे ईश्वरस्मरणासाठी गायन ऐकणे, हा त्यांच्या खानकाहचा प्राण होता. समामध्ये हाल आल्यावर त्यांचे साथी ज्या तऱ्हेने डोलत, नाचत, त्यावरून त्यांना 'बुऱ्हानी' म्हटले जाई, अशी नोंद अमीर खुर्द यांच्या 'सियरुल औलिया'त आहे.

त्याच दौलताबादेत जैनुद्दीन शिराजी नावाचे मोठे विद्वान होते. चरित्रकार सांगतात की सुरुवातीला त्यांना हे गाणे-नाचणे मान्य नव्हते. पुढे ते बुऱ्हानुद्दीन यांच्या सहवासात आले, शंका फिटल्या आणि तेच त्यांचे खलिफा झाले. १३६९ साली त्यांचा इंतकाल झाला. वयात आलेला, शिकलेला, हरकत घेणारा माणूस संगीताच्या मैफलीत येऊन बसतो, ही घटना आमच्याच मातीतली आहे.

याच जैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारात, उघड्या आभाळाखाली, बादशहा औरंगजेब यांची साधी कबर आहे. अलीकडे तिच्याविषयी वेगळ्याच कारणांनी बोलले जाते. आम्हाला इथे फक्त संगीताची गोष्ट सांगायची आहे. राज्याच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास, म्हणजे १६६८-६९ मध्ये, औरंगजेबाने आपल्या समोरचे गायन-वादन थांबवले. यावरूनच कलावंतांनी संगीताचा जनाजा काढल्याची कथा आली. बादशहा म्हणे म्हणाला, नीट खोल पुरा. ही कथा खाफी खान आणि मनुची या दोघांनीही दिली आहे आणि शाळकरी पोरालाही ती ठाऊक असते.

पण 'मआसिरे आलमगिरी' हा त्याच्या कारकिर्दीचा इतिहास वेगळे सांगतो. साकी मुस्तैद खान लिहितो की बादशहाला संगीताची उत्तम जाण होती. एका अमिराने त्याला संगीताबद्दल विचारले, तेव्हा उत्तराचा आशय असा होता की लायक माणसाला गाणे मुबाह आहे, पण वाद्यांशिवाय, विशेषतः पखवाजाशिवाय, मला ते ऐकवत नाही आणि वाद्ये निषिद्ध मानली गेली आहेत. म्हणून मी गाणेही सोडले. हे संगीत न कळणाऱ्याचे बोलणे नव्हे. ज्याला साथीशिवाय गाणे अपुरे वाटते, त्याचे आहे. त्याने स्वतःपुरते सोडले. अमीर-उमरावांच्या आणि शहजाद्यांच्या हवेल्यांत कलावंत गातच राहिले. फकीरुल्लाहचा 'राग दर्पण' हा संगीतावरचा फारसी ग्रंथ याच कारकिर्दीतला, आणि त्यानंतरही असे ग्रंथ लिहिले गेले. दरबाराने सोडले, घरांनी जपले.

पेटीच्या वाट्यालाही असेच आले. हे वाद्य मूळचे युरोपातले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्यात द्वारकानाथ घोष यांनी हाताने भाता मारायची पेटी बनवली आणि मांडी घालून बसणाऱ्या आपल्या गवयांची तिने सोय केली. तिचे स्वर ठरलेले, मींड निघत नाही, श्रुती सापडत नाहीत, असा आक्षेप घेऊन १९४० साली आकाशवाणीने तिला बाहेर काढले. १९७१ साली साथीपुरती ती परत आली. मधल्या तीस वर्षांत ती मेली का? कीर्तनात होती, नाटकात होती, दर्ग्यांतल्या कव्वालीत होती. मराठी रंगभूमीवरचे संगीत तर सगळ्यांच्या हातांनी उभे राहिले. बालगंधर्वांच्या मंडळीत ऑर्गन वाजत असे तेव्हा सारंगीवर कादरबक्ष होते आणि तबल्यावर अहमदजान थिरकवा. सरकारी दार बंद झाले, घरांची दारे उघडी राहिली.

म्हणून आम्हाला आमच्याच पिढीची काळजी वाटते. या खेपेला पेटी दरबाराने सोडली नाही, रेडिओनेही नाही. ती घरांनी सोडली. घराने सोडलेली गोष्ट जपायला मग कोण उरते?

परतायचे कसे, याचे उत्तरही जुन्या पुस्तकात सापडते. इमाम गझालींनी 'इह्या'मध्ये समाचे अदब सांगताना हजरत जुनैद यांचे वचन दिले आहे. समाला तीन गोष्टी लागतात : जमान, मकान आणि इखवान. योग्य वेळ, योग्य जागा आणि योग्य सोबती. नमाजची वेळ असेल, मन दुसरीकडे असेल, तर ऐकण्यात अर्थ नाही. जागा अडचणीची असेल तर नाही. दिखाऊ माणूस सोबत असेल तरीही नाही.

आम्ही हे वाचले ते धार्मिक नियम म्हणून. पेटीपुढे बसल्यावर कळले की हा रियाजाचाही नियम आहे. बोटे अडखळतात हे खरे, पण परतणारा माणूस हरतो तो बोटांमुळे नव्हे. त्याला रात्री दहानंतर वेळ मिळतो, तेव्हा शेजारी झोपलेले असतात. फ्लॅटमध्ये जागा नसते. आणि ऐकणारे एकतर हसतात किंवा उगाच वाहवा करतात.

आम्ही चौघे पन्नाशीपुढचे दर जुमेरातीला मगरिबनंतर तासभर बसतो. एकाच्या बंद दुकानाची मागची खोली मिळाली आहे. एक ढोलक धरतो, एक तालीवर, एक गातो. ईशाची अजान झाली की उठतो. पहिले दोन महिने फक्त पलटे केले. कुणी कुणाला वाहवा केली नाही. तिसऱ्या महिन्यात एक जुनी नात शेवटपर्यंत न थांबता वाजली, तेव्हा गाणारा मित्र थोडा वेळ काही बोललाच नाही. त्याचे अब्बा ती म्हणत असत.

वाचकहो, तुमच्याही माळ्यावर एखादी पेटी असेल. ती उतरवाल तेव्हा घाईने भाता मारू नका. सुकलेला कागद आणि चामडे फाटते. आधी जाणकाराला दाखवा. मग एकच सा धरून बसा, तो स्थिर होईपर्यंत. आमच्या खोलीत आता दुकानाशेजारचा एक नऊ वर्षांचा मुलगा येऊन दारात उभा राहतो. गेल्या जुमेरातीला त्याने विचारले, चाचा, भाता मी मारू का? आम्ही सरकून त्याला जागा दिली.