सामाईक संगणक आणि स्मृतीचा बांध

बांधावरून होणारे तंटे आपल्या धाराशिव जिल्ह्यात कोणास ठाऊक नाहीत? शेजारी नांगरता नांगरता दरसाल वीतभर बांध कोरतो, आणि प्रकरण कोर्टापर्यंत जाते. संगणकाच्या इतिहासातही असाच एक बांध आहे. त्याची ही हकीकत.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हा संगणक आला. देशभरची विद्यापीठे आपली गणिते छिद्रे पाडलेल्या कार्डांवर तिकडे धाडीत आणि रांगेत थांबत. त्याची स्मृती, म्हणजे चालू कामाचे आकडे मांडण्याची जागा, होती ३२,७६८ शब्दांची. आज मोबाइलवरचे एक छायाचित्रही तीत धड मावायचे नाही.

मग एवढ्याशा जागेत अनेकांनी एकदम नांदायचे कसे? अमेरिकेत एमआयटी येथे फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली तशी रीत करून दाखविली. विहिरीवरच्या पाण्यासारखी प्रत्येकाला पाळी. फक्त ती क्षणाक्षणाला बदले. पण एकाचे चुकलेले काम दुसऱ्याची जागा पुसून टाकील, त्याचे काय? म्हणून पुढे आयबीएमच्या यंत्रात मुद्दाम फेरफार करून घेतले. स्मृतीचा एक भाग कारभारी प्रणालीचा, दुसरा वापरणाऱ्याचा; आणि हद्दीबाहेर पाऊल पडले की काम जागीच थांबे. हाच तो बांध!

हद्द राखली गेली, पण वाटा? पुढे युनिक्स प्रणालीत मर्यादा आली, ती एकेका कामावर. दहा कामे सुरू करणारा दहापट जागा अडवी. आपल्याकडे १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर नातलगांच्या नावे जमिनी झाल्या, तीच ही युक्ती! जागा संपली की लिनक्स प्रणाली एखादे काम बंद पाडी. ते अपराध्याचेच असेल असा नेम नसे. अखेर २००८ साली लिनक्समध्ये एका गटातील सर्व कामांची बेरीज धरून मर्यादा घालण्याची सोय झाली. तेव्हापासून, अशी मर्यादा घातली असेल तर, जो गट ती ओलांडतो त्याचेच काम थांबते.

मात्र वाटा फार आखूड ठेवला, तर जागा पडीक राहते आणि गरजूचे मोठे काम अडते. बांध यंत्र राखील. वाटा किती, हे माणसांनीच बसून ठरवायचे असते.