आटणीची मूस

हुपरी म्हणजे चांदी, हे कोल्हापूर जिल्ह्यात कुणाला सांगावे लागत नाही. इथल्या पैंजणांविषयी पुष्कळ लिहिले गेले. पण ज्या काळ्या मुशीत ती चांदी आटते, तिच्याविषयी चार ओळीही माझ्या वाचनात आल्या नाहीत. मी इतिहासाचा मास्तर, रसायनाचा नव्हे. पण मुशीलाही इतिहास आहेच की!

ही मूस ग्राफाइट आणि मातीची. ग्राफाइट म्हणजे शिसपेन्सिलीतले ‘शिसे’. त्यात शिसे औषधालाही नाही! सोळाव्या शतकात इंग्लंडात बॉरोडेलला हा काळा पदार्थ सापडला, तेव्हा लोकांना ते शिसेच वाटले. तो गैरसमज आपल्या मराठी शब्दातही येऊन बसला आहे. १७७९ साली स्वीडनच्या कार्ल शीलेने दाखवले, की तो जाळला तर कोळशासारखाच वायू निघतो. पुढे १७९७ मध्ये स्मिथसन टेनंटने हिरा जाळला, तर तोही कार्बनच निघाला.

ग्राफाइटची रचना वहीसारखी, पानावर पान. पानातले अणू एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून ऑक्सिजन लागतो तो कडांना, नाहीतर पानाला भोक असेल तिथे. हवेत साधारण ५०० अंशांपुढे हे जळणे जाणवू लागते, आणि चांदी वितळते ९६२ अंश सेल्सिअसला. म्हणजे दर आटणीला मूस थोडी जळणारच. माती आणि वरची झिलई तिला सांभाळतात. झिलईला तडा गेला की तिथून ती खंगत जाते.

गंमत अशी, की हे जळणे चांदीच्या पथ्यावर पडते. वितळलेली चांदी स्वतःच्या आकारमानाच्या सुमारे २० पट ऑक्सिजन पिते आणि थिजताना तो ओकते. मग थेंब उडतात, लगडीला फोड येतात. मुशीतला कार्बन आणि वर टाकलेला कोळसा तो ऑक्सिजन आधीच खाऊन टाकतात.

(१८५९ मध्ये ब्रॉडीने तर ग्राफाइट न जाळता, तीव्र नायट्रिक आम्ल वापरून पानांमध्येच ऑक्सिजन शिरवला. त्या ग्राफाइट ऑक्साइडवर आजही संशोधन चालू आहे.)

मात्र हवा अपुरी असली की कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो. भट्टीशी बसून डोके जड झाले, की ‘उष्णता बाधली’ म्हणून माठातले पाणी पितात. आधी खिडकी उघडावी आणि माणसाला बाहेर अंगणात आणावे.