कचऱ्यावर उगवलेलं रान

शाळेची सहल निसर्ग उद्यानात जायची ठरली की आधी घरी सूचनांचा कागद येतो. पानं-फुलं तोडू नका, आरडाओरडा करू नका, वेफर्सची पाकिटं टाकू नका. सगळं बरोबरच आहे हो! पण पोरांना वाटतं, ही बाईंची शिस्त. बाई पाठमोऱ्या झाल्या की शिस्त संपली. आम्हा कोड लिहिणाऱ्यांचंही तेच. नियमामागची गोष्ट ठाऊक नसेल तर नियम पहिल्या संधीला मोडला जातो.

१९९१ साली एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरण हा विषय शाळांमधून सक्तीचा करायला सांगितलं. विषय आला, पुस्तक आलं, व्याख्या पाठ झाल्या. पण आपण जातोय त्या जागेचा इतिहास? तो पुस्तकात नसतो. तो सहलीआधी कोणीतरी सांगावा लागतो.

मुंबईचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान घ्या. सायन-वांद्रे लिंक रोडला लागून, एका अंगाला धारावी, दुसऱ्या अंगाला मिठी नदी. जागा साधारण ३७ एकर. आत शिरलं की दाट झाडी, फुलपाखरं, पावसाचं पाणी साठवणारं तळं. कोणालाही वाटेल, शहर वाढताना चुकून राहून गेलेला जंगलाचा तुकडा असावा. छे! १९७० च्या दशकात इथे मुंबईचा कचरा पडत होता. चक्क डंपिंग ग्राउंड!

ते बंद झाल्यावर इथे निसर्ग उद्यान करावं ही कल्पना डब्ल्यूडब्ल्यूएफच्या भारतातल्या मंडळींनी मांडली आणि एमएमआरडीएने ते उभं केलं. बोलायला सोपं आहे. सडणाऱ्या कचऱ्यातून वायू निघत राहतात, जमीन खचते, मुळांना धरायला माती नसते. म्हणजे आधी माती आणा, मग चिवट झाडं लावा, ती तगली की त्यांच्या सावलीत नाजूक झाडं लावा... अशी वर्षानुवर्षांची कामं. १९८३ साली पहिलं झाड लावलं ते डॉ. सालिम अली यांनी. तेव्हा त्यांनी वयाची पंच्याऐंशी ओलांडली होती. १९८७ मध्ये ते गेले. उद्यान लोकांसाठी खुलं झालं २२ एप्रिल १९९४ ला, वसुंधरा दिनी. माझ्या मते मुलांना सांगण्यासारखी पहिली गोष्ट हीच. झाड लावणाऱ्याला ठाऊक होतं की सावलीत दुसरंच कोणीतरी बसणार आहे.

दुसरी गोष्ट मिठीची. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे दोन्ही तलाव शहराला पाणी देण्यासाठी बांधलेले. ते भरून वाहिले की ते पाणी मिठीतून विमानतळ, कुर्ला करत माहीमच्या खाडीला मिळतं. म्हणजे बोरिवलीच्या जंगलातला पाऊस या उद्यानाच्या कडेने समुद्राला जातो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस पडला आणि याच मिठीने काय केलं ते मुंबईकराला सांगायला नको. पाण्याची वाट अडवली की काय होतं, हे पोरांना त्या काठावर उभं राहिलं की लगेच कळतं.

तिसरी गोष्ट जरा नाजूक आहे. ओळखीच्या एका शिक्षिका मला म्हणाल्या, "सहावीच्या मुलांशी सहलीआधी अर्धा तास बोलाल का?" गेलो. धारावीचं नाव काढल्याबरोबर मागच्या बाकांवर नाकं मुरडली गेली, दोघं-तिघं हसलेही. तेव्हा एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, "सर, माझे बाबा तिथेच प्लास्टिक निवडायचं काम करतात." वर्ग एकदम चिडीचूप! मी काही उपदेश केला नाही. फळ्यावर एवढंच लिहिलं: आपण फेकतो, ते कोण उचलतं? मग त्या मुलीलाच विचारलं, आणि तिने प्लास्टिक कसं वेगळं करतात, कुठलं विकलं जातं आणि कुठलं कोणीच घेत नाही, ते छान समजावून सांगितलं. त्या अर्ध्या तासात सगळ्यात जास्त माहिती तिनेच दिली.

सांगायचा मुद्दा हा की झाडाशी सभ्यपणे वागायचं आणि झाडाच्या शेजारी राहणाऱ्या माणसाकडे बघून नाक मुरडायचं, याला आदर म्हणत नाहीत.

तेव्हा शिक्षक मंडळी, सूचनांचा कागद जरूर द्या. पण त्याआधी एक काम करा. एका दिवसाचा वर्गाचा कचरा टोपलीतून बाहेर काढून वर्तमानपत्रावर मांडा, मुलांना मोजू द्या. मग सांगा, असाच कचरा वर्षानुवर्षं जिथे पडत होता तिथे आपण उद्या जातोय, पायाखाली अजून तो आहे आणि वर झाडं आहेत. "तोडू नका" हे मग वेगळं सांगावं लागणार नाही बहुतेक. वेफर्सच्या पाकिटांचं मात्र सांगाच!