कुंतीची ओळख

झाडाचं नाव जाणत्याला विचारावं, ही रीत जुनी आहे. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य. मुंबई बेट त्याच्याकडं खंडानं होतं. त्याचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ साली गोव्यात छापलं. इथल्या माणसांना विचारून त्यानं नावं लिहिली. पारिजातकाची, सूर्यावर रुसलेल्या मुलीची गोष्टही त्यात आहे.

कांजूरमार्गला खाडीच्या अंगाला मिठागरं. तिकडं थोरल्याच्या सोसायटीत नवी बाग झाली. पावसाळ्यात एका झुडपाला पांढरी फुलं आली. रात्री वास पार वरच्या मजल्यावर. कुणी म्हणे रातराणी, साप येईल, तोडा.

रातराणीचं फूल बारीक नळीसारखं, हिरवट. हे पाच पाकळ्यांचं, संत्र्याच्या फुलासारख्या वासाचं. पान उजेडाकडं धरलं तर बारीक ठिपके दिसले, ते तेलाचे. म्हणजे कूळ लिंबाचं, भावकी कढीपत्त्याची. पुढं लाल फळं धरली. ही आपली कुंती. कोणी कामिनी म्हणतात. शास्त्रातलं ‘मुराया’ हे नाव मरे या स्वीडिश पंडितावरून पडलं.

मिठागरं गेली की जाणती माणसंही पांगतात. मग नाव सांगणार कोण? बिननावाच्या झाडावर कोयता आधी पडतो. म्हणून माळ्याला म्हटलं, खताआधी पाटी लाव.