ऐकू नका, असं ओरडणारा संगीतकार

आमच्या वरच्या फ्लॅटमध्ये रात्री साडेदहानंतर खुर्च्या सरकतात. कोण सरकवतं, कशासाठी, हे दोन वर्षांत कळलेलं नाही. मी नेमका तेव्हा वाचायला बसतो. दिवसभर कोड आणि मीटिंगा झाल्यावर तो एकच तास माझा असतो. म्हणून हेडफोन चढवतो आणि ‘वाचनासाठी शांत अभिजात संगीत’ अशी एक तयार प्लेलिस्ट लावतो.

त्या प्लेलिस्टमध्ये एक धून हमखास येते, एरिक साती या फ्रेंच संगीतकाराची पहिली ‘जिम्नोपेदी’. १८८८ सालची. पियानोवर डाव्या हाताचा एक खोल सूर, मग मऊ कॉर्ड, आणि वर थबकत थबकत चालणारी चाल. नाव माहीत नसलं तरी बहुतेक तुम्ही ती ऐकलेली असेल. एका रात्री सहज या सातीबद्दल शोधायला गेलो आणि पुस्तक बाजूलाच राहिलं.

साती १८६६ चा. तरुणपणी पॅरिसच्या माँमार्त्र भागातल्या कॅबरेंमध्ये पियानो वाजवून त्यानं पोट भरलं. लोक पिणार, गप्पा हाणणार, आणि हा वाजवत बसणार. आपल्याकडे कुणाचं लक्ष नसणं म्हणजे काय, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं. पुढे त्यानं त्याचीच कल्पना केली: ‘फर्निचर संगीत’. घरात खुर्ची असते, पडदा असतो, तसं संगीतही असावं. असावं, पण त्याच्याकडे कुणी बघत बसू नये.

८ मार्च १९२० ला पॅरिसच्या बार्बाझांज गॅलरीत त्यानं आणि दारियुस मियो या तरुण संगीतकारानं हा प्रयोग केला. माक्स जाकोबच्या नाटकाचं मध्यंतर होतं. तीन क्लॅरिनेटवाले तीन कोपऱ्यांत, चौथ्यात पियानो, ट्राँबोन वरच्या बॉक्समध्ये. सँ-साँससारख्यांच्या गाजलेल्या रचनांतले छोटे तुकडे घेऊन तेच ते पुन्हा पुन्हा वाजवायचे. याकडे लक्ष देऊ नका, अशी विनंती आधीच करून ठेवलेली. तरी संगीत सुरू झाल्याबरोबर उठलेले लोक परत जागेवर येऊन गप्प बसले. साती त्यांच्यात फिरून ओरडत होता, की बोला, हिंडा, ऐकू नका! त्याचं कुणीच ऐकलं नाही. सगळे संगीत ऐकत बसले.

मला यात त्या लोकांचं काही चुकलं असं वाटत नाही. समोर जिवंत माणूस फुंकतोय म्हटल्यावर पाठ फिरवणं जड जातं. अर्थात पैसेवाल्यांना ते पूर्वीपासून जमत होतं. जेवणाच्या वेळी वाजवायचं ‘टाफेलम्युझिक’ टेलेमाननं १७३३ मध्ये वर्गणीदारांसाठी छापलं, आणि त्या वर्गणीदारांत खुद्द हँडल होता. आपल्या मांडवात सनई वाजते तेव्हा तरी राग कोणता, हे कोण विचारतं?

पुढे तारेतून संगीत यायला लागलं आणि वादकच दिसेनासे झाले. जॉर्ज स्क्वायर या अमेरिकी लष्करी अधिकाऱ्याच्या कल्पनेतून निघालेल्या कंपनीला १९३४ मध्ये ‘म्युझॅक’ हे नाव मिळालं. कामाच्या ठिकाणी पंधरा मिनिटं हळूहळू तरतरी वाढवणारं संगीत, मग तेवढीच शांतता, असं त्यांचं गणित होतं. कामगार थकू नये म्हणून. हे वाचून मी हेडफोन काढले. कारण ऑफिसात मीही नेमकं तेच करतो, आणि घरी येऊन कादंबरीलाही तेच लावतो. महिन्याभरात दोनशे पानं ‘उरकली’ होती. त्यातल्या बहिणींपैकी थोरली कोण, हे मात्र सांगता आलं नसतं.

मग ते मोत्झार्टमुळे बुद्धी वाढते वगैरे? मूळ प्रयोग १९९३ चा, ‘नेचर’मध्ये आलेला, छत्तीस विद्यार्थ्यांवरचा. दोन पियानोंचा सोनाटा ऐकल्यावर आकारांची कोडी त्यांना जरा बरी सुटली, आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. तेवढ्यावर जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरनं १९९८ मध्ये नवजात बाळांना संगीत वाटायला एक लाख पाच हजार डॉलर मागितले! पण माझी नजर दुसऱ्याच गोष्टीवर अडली. त्या विद्यार्थ्यांनी दहा मिनिटं आधी नुसतं ऐकलं होतं. कोडी नंतर सोडवली.

बाबा सांगलीहून आले की रात्री दिवा मालवून विलंबित ख्याल ऐकतात. मागच्या खेपेला मी शेजारी पुस्तक उघडून बसलो, तर म्हणाले, “अरे, दोन्हीतलं एक काहीतरी नीट कर की.” तेव्हा राग आला होता.

हल्ली पुस्तक मिटलेलं ठेवून आधी जिम्नोपेदी ऐकतो. तीन-साडेतीन मिनिटं लागतात. मग हेडफोन काढतो आणि कादंबरी पहिल्या पानापासून पुन्हा उघडतो. वर खुर्च्या सरकत असतात. थोरलीचं नाव आता पाठ आहे.