पाण्यांतलें पाणी

पावसाळ्यांत कोयना धरणाचे वक्र दरवाजे उघडल्याचें वृत्त आपण वाचतों. हे दरवाजे सपाट न करतां वक्र कां केले, हा प्रश्न मात्र फारच थोड्या वाचकांच्या मनांत आला असेल. आमच्याहि मनांत तो पुष्कळ वर्षें आला नव्हता. त्याच्या उत्तराचा मागोवा घेऊं गेल्यास आपण सोळाव्या शतकांतील हॉलंडांत जाऊन पोंचतों.

सपाट भिंतीवरील पाण्याचा भार काढणें कठीण नाहीं. खोलीबरोबर दाब वाढला तरी त्याची दिशा सर्वत्र एकच असते. वक्र पृष्ठावर तो ठिकठिकाणीं त्या पृष्ठाशीं काटकोन करून पडतो, व दिशा पदोपदीं पालटते. असे असंख्य दाब एकत्र कसे मिळवावे?

ब्रुज गांवीं १५४८ सालीं जन्मलेल्या सायमन स्टेव्हिन यानें १५८६ सालीं लायडेन येथें जलभारावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पाण्यांतलें पाणी आपली जागा सोडीत नाहीं, हा त्यांतील मूळ सिद्धान्त. तें खालीं जातें असें मानिलें, तर त्याच्या जागीं येणारें पाणीहि त्याच कारणानें खालीं जाईल, आणि ही हालचाल कधींच थांबणार नाहीं. हें तर असंभाव्य! स्टेव्हिनचे हिशेब मुख्यतः सपाट तळांचे व भिंतींचे आहेत. परंतु वक्र पृष्ठाची किल्ली याच विचारांत आहे.

एखाद्या हौदाची बाजू वर्तुळाच्या चतुर्थांशाप्रमाणें तळाकडे वळत गेली आहे, त्रिज्या २ मीटर, लांबी १ मीटर, आणि पाणी कांठोकांठ आहे, असें समजा. त्या बाजूला लागून असलेला पाण्याचा तुकडा उभ्या पातळीनें मनांतच कापून घ्यावा. तो स्थिर आहे. अर्थात् त्याच्या उभ्या सपाट अंगावरील २ टनांचा रेटा हाच बाजूवरील आडवा भार, आणि त्याचें स्वतःचें सुमारें ३.१४ टन वजन हाच उभा भार. दोहोंचा मिळून सुमारें ३.७२ टन भार होतो, व त्याची रेषा वर्तुळाच्या मध्यांतून जाते. कलनशास्त्राला येथें हातहि लावावा लागला नाहीं.

तळावरील भार पाण्याच्या राशीवर नसून खोलीवर अवलंबून असतो, हेंहि स्टेव्हिननें दाखविलें होतें. तरी त्या चमत्काराशीं लोकांनीं नांव जोडलें तें पास्कलचें, ज्याचा ग्रंथ मरणोत्तर १६६३ सालीं निघाला. स्टेव्हिननें लिहिलें होतें डच भाषेंत, आणि विद्वान् वाचीत लॅटिन! शास्त्र स्वभाषेंतच सांगावें हा त्याचा हट्ट होता. गणिताला त्यानें रूढ केलेला डच शब्द आजहि तेथें चालतो. आम्हांस हा हट्ट त्याच्या सिद्धान्ताइतकाच प्रिय वाटतो.

पुढें १८८६ सालीं अमेरिकेंत जेरेमाया टेंटर यानें वक्र दरवाजाचें पेटंट घेतलें. दरवाजाचें पृष्ठ वर्तुळखंडाचें आणि आंस बरोबर त्याच्या मध्याशीं. प्रत्येक ठिकाणचा दाब पृष्ठाशीं काटकोनांत, म्हणजे आंसाच्याच रोखानें जाणारा. त्यामुळें एवढ्या पाण्याचा रेटा दरवाजाला फिरवूं शकत नाहीं, व सारा भार आंसावर जातो. उचलणाऱ्या यंत्रास उरतें तें दरवाजाचें वजन आणि आंसाचें व कडांचें घर्षण.