‘निकामी’ ठरलेली हार्ड डिस्क खरोखरच निकामी असते का?

नेटवर्क स्टोरेज, अर्थात ‘नॅस’, म्हणजे अनेक संगणकांना सामाईक साठवण पुरवणारे उपकरण. त्यातील एखाद्या डिस्कने ठरावीक वेळेत प्रतिसाद दिला नाही, तर यंत्रणा तिला निकामी ठरवून ‘रेड’ संचातून वगळते. हा निवाडा प्रत्येक वेळी अचूक असतोच असे नाही.

प्रथम सर्व माहितीची स्वतंत्र प्रत घ्यावी. ‘रेड ५’ संच एकाच डिस्कची हानी सोसू शकतो; म्हणून डिस्क काढण्यापूर्वी तिचा अनुक्रमांक पडताळावा. चुकून धडधाकट डिस्क काढल्यास संपूर्ण संच कोलमडतो.

त्यानंतर डिस्कच्या ‘स्मार्ट’ नोंदी तपासाव्यात. क्रमांक ५, १९७ आणि १९८ या नोंदी खराब वा संशयास्पद सेक्टर दर्शवतात. त्या वाढत असल्यास डिस्क बदलणेच इष्ट. त्या शून्य असून केवळ १९९ वाढत असेल, तर दोष बहुधा केबलचा किंवा जोडणीचा असतो. हा आकडा दुरुस्तीनंतरही मागे येत नाही. तो पुढे वाढतो का, एवढेच पाहावे.

साध्या संगणकासाठीची डिस्क न वाचता येणारा सेक्टर वाचण्यात दीर्घकाळ अडकू शकते. नॅससाठीच्या डिस्क सामान्यतः सुमारे ७ सेकंदांत प्रयत्न सोडतात. त्यामुळे पहिल्या प्रकारची डिस्क यंत्रणेला मृत भासू शकते.

‘स्मार्ट’ची विस्तृत चाचणी निर्दोष ठरल्यावरच डिस्क पुन्हा संचात घ्यावी. तीच डिस्क पुन्हा वगळली गेल्यास मात्र तिच्यावर विसंबू नये.